ट्रकवाल्यांचं डोळे तपासणी शिबिर: एकदा फसलं, एकदा जमलं

नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर आमचं छोटं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. गाड्या पाच, त्यातल्या दोन अजून बँकेच्या. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं झाली, बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, मी बनवते आणि डिझेलवाल्याशी, टायरवाल्याशी, ब्रोकरशी मीच भांडते. शिबिर, बॅनर, प्रमुख पाहुणे यातलं मला काही येत नव्हतं. पण या जानेवारीत ड्रायव्हर लोकांसाठी डोळे तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरवलं. एक पार फसलं, दुसरं बऱ्यापैकी जमलं. अर्ज कुठे करायचा, किती दिवस लागतात, पैसे किती जातात हे मला सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवात १४ नोव्हेंबरच्या रात्री झाली. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, मी त्यांना काका म्हणते, आदिलाबादला माल टाकून रिकामी गाडी घेऊन परत येत होते. हिंगणघाट सोडल्यावर, जामच्या अलीकडे, एक बिघडलेला ट्रेलर कडेला उभा होता. अर्धा रस्त्यावर, अर्धा कच्च्यावर. मागे दिवा नाही, रेडियमची चमकणारी पट्टी नाही, चार दगड आणि निंबाची एक फांदी तेवढी टाकलेली. काकांनी शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे ओढली. डावा आरसा, दार आणि कॅबिनचा पत्रा सोलून निघाला. क्लीनरच्या खांद्याला मुका मार लागला, बाकी काही नाही. दुरुस्तीला १८,५०० रुपये गेले.

काका म्हणाले, "त्याचा दिवाच नव्हता त मले दिसन कसं ताई?"

मला ते पटलं. ट्रेलरवाल्याची चूक होतीच. म्हणून माझ्या डोक्यात आधी डोळ्यांचं काही नव्हतंच, रेडियमचं होतं. आपल्या भागातल्या जेवढ्या गाड्यांना जमेल तेवढ्यांना मागून लाल पट्टी लावून द्यायची, एवढाच बेत. डोळे तपासणी नंतर जोडली, तीही "लोक यायला पाहिजेत, नुसत्या पट्टीसाठी कोण येणार" म्हणून. खरं दुखणं कुठे होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

२६ नोव्हेंबरला आमच्या भागातल्या मालकांच्या संघटनेच्या बैठकीत विषय काढला. निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच उठली होती, सगळे मोकळे होते. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतो, तेव्हा करू म्हणाले. १५,००० रुपये मंजूर झाले. लगेच स्टेज किती फुटांचा आणि पाहुणे कोण यावर पाऊण तास चर्चा झाली. ड्रायव्हर कोणत्या वेळी मोकळे असतात हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

२ डिसेंबरपासून अर्ज. एकूण चार पत्रं लागली: पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, परिवहन कार्यालय आणि महामार्गाचं एक कार्यालय. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टपालाच्या खिडकीवरून हलू नका. पहिल्या पत्रावर मी शिक्का घेतला नाही. दहा दिवसांनी गेले तर "असं पत्र आलंच नाही". ते परत टाइप करून परत दिलं. सोबत जोडायचे कागद: जागामालकाचं संमतीपत्र, जागेचा हाताने काढलेला नकाशा (गाड्या कुठून येतील, कुठून जातील याचे बाण दाखवून), संघटनेच्या लेटरहेडवरचं विनंतीपत्र आणि आयोजकाच्या आधारची झेरॉक्स. लाउडस्पीकर लावणार असाल तर त्याचा अर्ज वेगळा.

माझी मूळ इच्छा टोलनाक्यावर शिबिर घ्यायची होती. तिथे गाड्या आयत्याच थांबतात. महामार्गाच्या कार्यालयात एक इंजिनिअर होते, त्यांनी पत्र वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, दोनशे ट्रक तुम्ही कडेला थांबवणार, मग त्यांच्या मागून येणाऱ्यांचं काय?" मला राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता. कडेला उभ्या गाड्यांमुळेच तर हे सगळं सुरू झालं होतं. टोलनाका रद्द. मग ओळखीच्या धरमकाट्याच्या (ट्रकचं वजन करायचा काटा) मागचं पटांगण ठरलं, जिथे रात्री पन्नास-साठ गाड्या तशाही उभ्या असतात.

पोलिसांची परवानगी रखडली. १६ ते २१ डिसेंबर नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं. अधिवेशनाच्या काळात शहरात कोणाला काही मागू नये हे नागपूरकराला सांगावं लागत नाही, पण मी मागायला गेले. ठाण्यात अर्धे लोक बंदोबस्तावर, उरलेले वैतागलेले. "साहेब मोर्च्यावर आहे, पुढच्या हप्त्यात या." पुढच्या आठवड्यात नाताळ. शेवटी ३० डिसेंबरला कागद हातात पडला. चार आठवडे धरून चला. डिसेंबरमध्ये करत असाल तर सहा.

दवाखान्याचं काम त्या मानाने सोपं गेलं. एका ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयाचं पथक शिबिरासाठी फुकट येतं. त्यांच्या अटी: किमान शंभर लोक, वीज, सावली, तक्ता टांगायला भिंत आणि भिंतीपासून सहा मीटर मोकळी जागा. नजर सहा मीटरवरून तपासतात, जागा कमी पडली तर सगळं मोजमाप चुकतं. मी टेपने मोजून चुन्याची रेघ मारून ठेवली. वाचायचे तयार चष्मे मी इतवारीतून ठोक भावात ७० रुपयांना एक असे १०० आणले, चार नंबरचे पंचवीस-पंचवीस. दूरच्या नंबराचे चष्मे नंतर बनवून द्यायचे ठरलं.

१२ जानेवारी, रविवार, सकाळी दहा. मंडप, स्टेज, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. पाच भाषणं झाली. परिवहन कार्यालयातून एक निरीक्षक आले होते, खाकी वर्दीत, पहिल्या रांगेत बसलेले. प्रवेशाच्या टेबलावर मी स्वतः आखलेलं रजिस्टर: नाव, मोबाइल, लायसन नंबर, गाडी कोणाची. तक्ता इतका नेटका होता की मला त्याचा अभिमान वाटत होता.

आले १७ जण. त्यातले नऊ तर ड्रायव्हरच नव्हते, हमाल आणि बाजूच्या टायरवाल्याची पोरं. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर लोक बादलीत कपडे धूत होते, स्टोव्हवर डाळ टाकून बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. पोहे १५० प्लेट सांगितले होते. तर्रीसकट ते संघटनेच्या लोकांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी संपवले. रेडियमचीही तीच गत झाली. सकाळच्या दवात, धुळीच्या पत्र्यावर पोरांनी भराभर पट्ट्या चिकटवल्या आणि दुपारच्या उन्हात त्यांची टोकं वर आली. पत्रा आधी कपड्याने कोरडा करायचा, मग थिनरच्या बोळ्याने पुसायचा, मग पट्टी. हे आम्ही सहा गाड्यांवर वाया घालवून शिकलो.

दुपारी पथक गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेत बसले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. टपरीवाल्या मावशी तीस वर्षं ट्रकवाल्यांना चहा पाजताहेत. म्हणाल्या, "काऊन तोंड पाडून बसली वं? खुर्चीवर आरटीओ बसवला, टेबलावर लायसन नंबर लिवून घेतला, अन म्हणते डोळे दाखवा. कोण येईन?"

तिथेच स्टुलावर बसलेला एक ड्रायव्हर, जबलपूरकडचा, हसून म्हणाला, "चष्मा लगा तो लायसन गया, मॅडम. फिर गाडी कौन देगा?"

मी त्या दिवशी रात्री लायसनचे फॉर्म काढून वाचले. व्यावसायिक लायसनचं नूतनीकरण पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्याला डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. आमच्या ड्रायव्हरांचे कागद मीच तर जोडून देते. पण मी ते कधी वाचले नव्हते, सही-शिक्का आहे ना एवढंच बघायचं. सगळ्यांच्या फॉर्मवर सगळं उत्तम, आणि तो फॉर्म कसा भरला जातो हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फॉर्म १ मध्ये अर्जदाराने स्वतः लिहून द्यायचं असतं की दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते. आणि तिथेच कंसात आहे: चष्मा असेल तर चष्म्यासह. म्हणजे चष्मा लागला म्हणून लायसन जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निरीक्षकांना फोन करून खात्री केली. ते म्हणाले, "चष्म्याने दिसतं ना? मग लावा आणि चालवा. आणि ताई, पुढच्या वेळी मला बोलवू नका, किंवा साध्या कपड्यात बोलवा." भला माणूस.

संघटनेत दुसऱ्या शिबिराचा विषय काढला तर "झालं ना एकदा, फोटोही आले" असं उत्तर मिळालं. मग मी एका टायरवाल्याकडून आणि धरमकाट्याच्या मालकाकडून मिळून १०,००० घेतले. दवाखान्याच्या बाईंना हात जोडले. संक्रांत होऊ द्या म्हणाल्या. दोनच जण येतील, पण संध्याकाळी येतील.

२१ जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी सहा ते दहा. स्टेज नाही, माईक नाही. टपरीच्या बाजूला एक बल्ब, आतून उजेड येणारा तक्ता, सहा मीटरची रेघ. रजिस्टर नाही, एक ते शंभर आकड्यांची पुठ्ठ्याची टोकनं. नाव कोणी विचारायचं नाही, मालक कोण ते तर अजिबात नाही. फॉर्मचं ते पान मोठं करून मराठी आणि हिंदीत टपरीच्या खांबाला चिकटवलं. पहिला अर्धा तास कोणी आलं नाही. मग तो जबलपूरवाला उठला, टोकन नंबर १. त्याच्यामागे रांग लागली ती तुटलीच नाही. एकूण ९४.

एक गंमत सांगते. आठेक लोक झाल्यावर तपासणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं की सगळे शेवटची ओळसुद्धा फडाफडा वाचताहेत. रांगेतले लोक पुढच्याचं ऐकून अक्षरं पाठ करत होते! नाव न विचारताही भीती एवढी. तिने हसत हसत तक्ता बदलला. आता अक्षरं नाहीत, फक्त तीन बोटांसारखी खूण, तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. न शिकलेल्यांसाठी असतो तो तक्ता. मग खरे आकडे यायला लागले.

मधल्या वेळात वाहतूक शाखेचे एक हवालदार ड्युटी संपवून आले, चहाचा ग्लास हातात घेऊन उभ्या उभ्या बोलले. भाषण नाही. त्यांनी एकच विचारलं, "गाडी बिघडल्यावर दगड लावता, मग गाडी सुरू झाल्यावर ते दगड कोण उचलतं?" सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, घाईत राहून जातात. त्यांनी सांगितलं की मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावरच जातो. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलात तर १०३३, कोणी जखमी असेल तर १०८. एका पोराने विचारलं की अपघात बघून थांबलो तर पोलीस आम्हालाच धरतात ना. ते म्हणाले, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. किती जणांचा विश्वास बसला माहीत नाही. पण प्रश्न विचारले, हेच १२ तारखेला झालं नव्हतं.

झोपेचा विषय निघाला आणि मी जरा मागे सरकले. समृद्धीवर डोळे उघडे ठेवून झोप लागते असं दोघा-तिघांनी सांगितलं: सरळ रस्ता, एकच वेग, समोर काही नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात (तेव्हा तोच लागू होता) दिवसाचे आठ तास लिहिले होते, असं हवालदारांनी सांगितल्यावर हशा पिकला. मी हसले नाही. आमच्याकडेही खेपेवर पैसे मिळतात. खेप लवकर तर पुढचं भाडं लवकर. हे मी या शिबिरात सोडवलेलं नाही, म्हणून सोडवल्यासारखं लिहीत नाही.

पावणेदहाला, पथक तक्ता गुंडाळायच्या बेतात असताना, काका आले. डोक्याला गमछा, माझ्याकडे न बघता सरळ रांगेत. १२ तारखेला ते "गाडीत ऑइल बदलायचं आहे" म्हणून गायब होते. उजवा डोळा ठीक निघाला. उजवा झाकून डाव्याने बघायला सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "उजेड दिसते."

मोतीबिंदू. पिकत आलेला. आणि जामजवळचा ट्रेलर डाव्या बाजूला उभा होता.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, कधीपासून? "दीड-दोन वरीस झाले असन. तुह्या बाबाले सांगितलं असतं त त्यानं मले घरी बसवलं असतं. बेटा, घरी बसून कोणाचं भलं झालं?" मी काय बोलणार होते? नोव्हेंबरनंतर मलाही एकदोनदा शंका आली होती. डिझेलच्या पावतीवर सही करताना ते कागद उजवीकडे धरत. पण गाडी भरलेली होती, पार्टीचे फोन येत होते, दुसरा ड्रायव्हर नव्हता. मी त्यांना डिसेंबरमध्ये दोनदा हैदराबादला पाठवलं. पाठवलं हे खरं आहे.

ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झालं, ६ फेब्रुवारीला. त्याआधी तीन चकरा: एक तपासणीची, एक साखर आणि रक्तदाबाची, एक तारीख घ्यायची. सकाळी सातला चिठ्ठीच्या रांगेत उभं राहिलं तर अकरापर्यंत डॉक्टर भेटतात. आधार, रेशनकार्ड आणि दोन्हींच्या झेरॉक्स पिशवीत ठेवाच. साखर वाढलेली निघाली तर तारीख पुढे जाते, काकांची एकदा गेली. ऑपरेशननंतर ४० दिवस त्यांना रोजचे ४०० रुपये दिले. बाबांनी पाटीवर हिशेब मांडला: १६,००० विरुद्ध १८,५००. "सस्त्यात पडलं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. कॅबिनमधला क्लीनर त्या हिशेबात नव्हता, तो मी बोलून दाखवला नाही.

दोन्ही शिबिरांचा मिळून खर्च असा झाला. मंडप-खुर्च्या ४,५००, पोहे-चहा ४,५००, वाचायचे चष्मे ७,०००, दूरच्या नंबराचे ३१ चष्मे प्रत्येकी २८० प्रमाणे ८,६८०, लाल रेडियमचे चार रोल ७,६००, बॅनर ९००. एकूण ३३,१८०. संघटनेचे आणि दोघा दुकानदारांचे मिळून २५,०००, बाकी ८,१८० आमचे. परत करायचं झालं तर मंडप, बॅनर आणि दीडशे प्लेट पोहे यातलं काही घेणार नाही, त्या पैशात आणखी तीन-चार रोल येतात. रेडियम घेताना स्वस्तातलं साधं घेऊ नका, मान्यतेचा छाप असलेली पट्टीच घ्या. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी असा नियम आहे. आमचे पैसे मागच्या लालपुरतेच पुरले, चाळीसेक गाड्या झाल्या.

दूरचे चष्मे बनून यायला बारा दिवस लागले आणि तोवर निम्मे ड्रायव्हर निघून गेले होते. नावं तर आम्ही लिहिलीच नव्हती! मग मावशींनी तोड काढली. चष्म्याच्या डबीवर टोकनचा नंबर टाकून सगळ्या डब्या टपरीत ठेवल्या. ज्याच्याकडे पुठ्ठा असेल तो दाखवून घेऊन जातो. मार्चअखेरपर्यंत ३१ पैकी २२ गेले. टोकन नंबर ५८ वाला परवा सुरतेहून आला. पुठ्ठा त्याने लायसनच्या पाकिटात जपून ठेवला होता.

वाचायच्या चष्म्यांमधले ३८ उरले. दोन नंबरवाले सगळ्यात आधी संपले, पुढच्या वेळी ते जास्त आणायचे. उरलेले बिस्किटाच्या डब्यात घालून ऑफिसच्या टेबलावर ठेवलेत. बिल्टीवर सही करताना लोक एकेक लावून बघतात, कोणी काही बोलत नाही, एखादा खिशात जातो. काका त्यांचा स्वतःचा लावतात, दोरी बांधून. कालच्या बिल्टीवर त्यांनी चूक काढली, मी गाडीच्या नंबरात शेवटचे दोन आकडे उलटे टाकले होते.